मॅजिकार्पचा टिकाव : व्हिडिओ गेममधील प्राणी आणि निसर्गाची कसोटी

व्हिडिओ गेमसाठी प्राणी रचणाऱ्या कलावंतापुढचा प्रश्न आणि रानातल्या प्राण्यापुढचा प्रश्न यांत फारसे साम्य नसते. गेममधला प्राणी खेळाडूच्या वाट्याला येतो तो बहुधा झुंजीपुरता, आणि म्हणून नखे, विष, आग, जाड कवच हे सगळे त्याला सढळ हाताने दिलेले असते. पण तो दिवसाकाठी किती खातो, त्याची वीण कोणत्या ऋतूत होते, पिल्ले कोणाच्या तोंडी पडतात आणि लागोपाठ दोन वर्षे पाऊस झाला नाही तर त्याचे काय होते, हे सांगण्याची गरज क्वचितच भासते. तरीही काही गेमकर्त्यांनी, त्यातही जपानी गेमकर्त्यांनी, आपल्या प्राण्यांची राहणी बरीच बारकाईने लिहून ठेवली आहे आणि त्या नोंदींना परिस्थितिविज्ञानाची, म्हणजे सजीवांचे एकमेकांशी व भोवतालाशी असलेले संबंध अभ्यासणाऱ्या शास्त्राची, कसोटी लावून पाहता येते. १९९६ साली जपानमध्ये सुरू झालेल्या ‘पोकेमॉन’ मालिकेत प्रत्येक प्राण्याची माहिती देणारी ‘पोकेडेक्स’ नावाची नोंदवही असते. २००६ साली आलेल्या ‘पोकेमॉन डायमंड’मधील पोकेडेक्सने मॅजिकार्प या तांबड्या माशाविषयी असा शेरा मारला आहे की, हा जगातील सर्वांत दुबळा पोकेमॉन म्हणून ओळखला जातो आणि तो आजवर टिकला कसा हे कोणालाच ठाऊक नाही. शेरा गमतीने लिहिलेला असला, तरी त्यामागचा प्रश्न शास्त्रशुद्ध आहे आणि त्याचे उत्तरही देता येते.

त्याआधी ‘टिकणे’ म्हणजे काय हे ठरवावे लागते, कारण निसर्गात एकटा प्राणी टिकत नाही, टिकते ती जात. वीण नसलेला प्राणी कितीही बलाढ्य असला तरी या विचारातून आपोआप बाद होतो. प्रयोगशाळेत घडवलेला म्यूटू हा पोकेमॉन मालिकेतील अत्यंत सामर्थ्यवान जीव असला, तरी गेमच्या नियमानुसार तो अंडी घालू शकत नाही. त्याच्या जातीचे आयुष्य त्याच्या आयुष्याइतकेच. ‘माइनक्राफ्ट’मधील क्रीपर हा हिरवा, मूकपणे जवळ येऊन स्वतःचा स्फोट करणारा प्राणी याच कारणाने निकालात निघतो. आत्मघाती स्फोट हा प्रकार निसर्गाला अगदीच अपरिचित आहे असे मात्र नाही. बोर्निओ बेटावरील एक मुंगी, जिचे शास्त्रीय वर्णन २०१८ साली ‘कोलोबॉप्सिस एक्सप्लोडेन्स’ या नावाने झाले, शत्रूशी गाठ पडताच आपल्या पोटाची भित्तिका फोडून चिकट, विषारी पिवळा द्राव त्याच्या अंगावर ओतते आणि त्यातच मरते. पण मरणारी ही मुंगी स्वतः वीण न करणारी कामकरी असते आणि तिच्या मरणाने वारुळातली राणी व बहिणी वाचतात, त्यामुळे तिच्यातील जनुके पुढच्या पिढीत जातात. क्रीपरला ना वारूळ आहे ना राणी, आणि म्हणून त्याचा स्फोट हा निव्वळ तोटा ठरतो.

गेममधील कोणता प्राणी खऱ्या निसर्गात सर्वाधिक टिकेल, हा प्रश्न खेळाडूंमध्ये निघाला की पहिले नाव बहुधा एखाद्या अजस्र प्राण्याचे घेतले जाते. कॅपकॉम कंपनीच्या ‘मॉन्स्टर हंटर’ या २००४ साली सुरू झालेल्या मालिकेतील रॅथॅलॉस हा आग ओकणारा उडता सरडा, किंवा ‘सबनॉटिका’ या २०१८ साली पूर्ण स्वरूपात आलेल्या सागरी गेममधील सुमारे ५५ मीटर लांबीचा रीपर लेव्हायथन, ही त्यांतील ठळक उदाहरणे. अशा प्राण्यांची पहिली अडचण भूमितीची आहे. प्राण्याची लांबी, रुंदी व उंची दुप्पट केली, तर हाडांचा छेद आणि पंखांचे क्षेत्रफळ चौपट होते, पण वजन आठपट होते; त्यामुळे प्राणी मोठा होत जाईल तसतसे त्याला स्वतःचा भार पेलणे अवघड होत जाते. ही गोष्ट गॅलिलिओने १६३८ सालीच मांडली होती आणि पुढे जे. बी. एस. हॉल्डेन या जीवशास्त्रज्ञाने, ज्याने आयुष्याची अखेरची वर्षे भारताचा नागरिक म्हणून काढली व ज्याचा मृत्यू १९६४ साली भुवनेश्वर येथे झाला, आपल्या १९२६ सालच्या एका निबंधात ती सर्वसामान्य वाचकांसाठी अतिशय रंजक रीतीने समजावून दिली. पृथ्वीवर उडालेल्या सर्वांत मोठ्या प्राण्यांपैकी एक असलेल्या क्वेट्झलकोअॅट्लस या सरीसृपाच्या पंखांचा विस्तार १० ते ११ मीटर होता, मात्र त्याचे वजन अडीचशे किलोच्या आसपासच असावे असे मानले जाते. भरभक्कम मांड्या, जाड खवले आणि काटेरी शेपटी यांसह उडणाऱ्या रॅथॅलॉसचे गणित या हिशेबात बसत नाही. पोकेमॉनमधील वेलॉर्ड या देवमाशाच्या बाबतीत चूक उलट दिशेने झाली आहे, कारण १४.५ मीटर लांबीच्या या प्राण्याचे वजन ३९८ किलो, म्हणजे एखाद्या घोड्याएवढे, नोंदवले असून असा प्राणी पाण्यात बुडी मारूच शकणार नाही.

भूमितीकडे दुर्लक्ष करता येईल, पण भुकेकडे करता येत नाही. रेमंड लिंडमन यांनी १९४२ साली मांडलेल्या विचारानुसार अन्नसाखळीच्या एका पायरीवरून पुढच्या पायरीवर सरासरी दहा टक्क्यांच्या आसपासच ऊर्जा पोहोचते. बाकीची ऊर्जा श्वसन, हालचाल आणि उष्णता यांत खर्ची पडते. गवताच्या पायरीवर १,००० एकक ऊर्जा असेल, तर हरणांच्या पायरीवर सुमारे १०० आणि वाघाच्या पायरीवर सुमारे १० एकक उरते. म्हणूनच एका वाघाला वर्षाला सुमारे ५० हरणांएवढे भक्ष्य लागते आणि ते दरवर्षी मिळत राहावे यासाठी त्याच्या हद्दीत सुमारे ५०० तृणभक्षी असावे लागतात. ‘मॉन्स्टर हंटर’मधील डेव्हिलजो या प्राण्याची नोंद या दृष्टीने फार बोलकी आहे. त्याचे शरीर अतिशय उष्ण असून ती उष्णता राखण्यासाठी त्याला सतत खावे लागते, त्याची स्वतःची अशी हद्द नसते, तो वाटेत येईल ते खात एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात भटकतो आणि एखाद्या परिसरातील प्राणिजीवन पार उद्ध्वस्त करू शकतो, असे गेम सांगतो. गेमकर्त्यांनी हे वर्णन दहशत बसावी म्हणून केले आहे. परिस्थितिविज्ञानाच्या भाषेत मात्र ते दिवाळखोरीचे वर्णन आहे. सावज संपवणारा शिकारी सावजानंतर लगेचच संपतो. निळा देवमासा तीस मीटरपर्यंत वाढू शकतो, तो अन्नसाखळीच्या वरच्या पायऱ्यांवर न चढता थेट क्रिल नावाच्या लहान कवचधारी जीवांचे थवे गाळून खातो म्हणून. रीपर लेव्हायथनला, जो मोठी सावजे एकेक करून पकडतो, हा आडमार्ग उपलब्ध नाही.

मोठ्यांचा असा निकाल लागल्यावर विचार वळतो तो परजीवींकडे, म्हणजे दुसऱ्याच्या देहावर जगणाऱ्या जीवांकडे, कारण त्यांचा अन्नाचा खर्च यजमान भागवतो. २०१३ साली आलेल्या ‘द लास्ट ऑफ अस’ या गेममध्ये कॉर्डिसेप्स गटातील बुरशी माणसांच्या मेंदूचा ताबा घेते आणि जगाची वाताहत होते. या कल्पनेचे मूळ ऑफिओकॉर्डिसेप्स या खऱ्या बुरशीत आहे. तिची लागण झालेली मुंगी वारुळाची वाट सोडते, जमिनीपासून साधारण वीतभर उंचीवरच्या पानाच्या खालच्या बाजूस जाते, तेथल्या शिरेत जबडे रोवते आणि तशीच मरते. काही दिवसांनी तिच्या मानेमागून बुरशीचा देठ बाहेर पडतो व त्यातून बीजाणू खाली, मुंग्यांच्या वाटेवर, झडतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले की, ही बुरशी मुंगीच्या स्नायूंभर जाळे विणते, मेंदूत मात्र शिरत नाही. इतकी नेमकी कारागिरी साधते ती एकाच यजमानाशी दीर्घ काळ जुळवून घेतल्यामुळे. या बुरशीच्या बहुतेक जाती एखाद्याच जातीच्या मुंगीशी बांधलेल्या असतात, तिच्यावर वाढणारी दुसरी परजीवी बुरशीही असते, आणि सस्तन प्राण्यांचे ३७ अंश सेल्सिअसचे शरीर बहुसंख्य बुरशींना सोसत नाही. गेममधली बुरशी या सगळ्या मर्यादा झुगारते आणि यजमानांची एवढी मोठी हानी करते की पुढच्या पिढीला ताजा यजमान मिळणेच दुरापास्त व्हावे.

पोकेमॉनमधील पारस हा खेकड्यासारखा कीटक याच कुळातला. त्याच्या पाठीवरच्या अळंब्यांची कल्पना हिमालयात कीडाजडी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बुरशीवरून घेतली आहे. मालिकेचे निर्माते सातोशी ताजिरी लहानपणी कीटक गोळा करत असत, त्यामुळे हा तपशील अनपेक्षित नाही. उत्तराखंडात कीडाजडी सोन्याच्या मोलाने विकली जाते आणि तिची अतोनात वेचणी होत असल्यामुळे जागतिक निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत ती २०२० साली ‘असुरक्षित’ ठरली. बाजारभाव असणे हाही टिकावाला अडथळाच असतो. परजीवींच्या या गटात ‘मेट्रॉइड’ मालिकेतील एक प्रसंग सर्वांत अधिक अभ्यासण्याजोगा आहे. १९९१ सालच्या गेममध्ये नायिका सॅमस ही एका ग्रहावरील मेट्रॉइड नावाचे धोकादायक जीव मारून टाकते आणि ती कामगिरी यशस्वी मानली जाते. २००२ सालच्या ‘मेट्रॉइड फ्यूजन’मध्ये असे उघड होते की, हे जीव एक्स नावाच्या त्याहून घातक परजीवीला आवर घालण्यासाठीच निर्माण केले गेले होते आणि त्यांचा नायनाट होताच एक्सचा फैलाव मोकाट सुटला. हा कथेतला झटका असला, तरी तो प्रत्यक्षातही घडतो. भारतात पूर्वी गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाच्या अंशामुळे पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून अधिक घटली आणि उघड्यावर पडलेल्या मढ्यांवर भटक्या कुत्र्यांची संख्या वाढली. मेट्रॉइडला स्वतःला मात्र थंडी सोसत नाही, आणि एका शिकारी व्यक्तीकडून ज्याचा निर्वंश होऊ शकतो त्याला टिकाऊ म्हणणे अवघड आहे.

खरी स्पर्धा सुरू होते ती अशा प्राण्यांत, ज्यांना खेळाडू पहिल्या तासाभरात पाहतो आणि विसरतो. रॅटाटा हा पोकेमॉनमधील जांभळा उंदीर त्यांपैकी एक. तो काहीही कुरतडतो, त्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात, आणि एक रॅटाटा दिसला तर आसपास आणखी चाळीस असणारच, असे पोकेडेक्सच सांगतो. २०१६ सालच्या ‘सन’ आणि ‘मून’ या गेममध्ये, जे हवाई बेटांवरून रचलेल्या आलोला या प्रदेशात घडतात, या उंदरांचा उपद्रव आवरण्यासाठी यंगूस नावाचा मुंगसासारखा प्राणी बाहेरून आणला जातो. त्याचा परिणाम एवढाच होतो की उंदीर शहरात सरकतात, रात्री बाहेर पडू लागतात आणि रंगानेही काळे होतात. हा भाग कल्पनेतून कमी आणि इतिहासातून अधिक आला आहे, व त्या इतिहासाचा उगम भारतात आहे. १८७२ साली कलकत्त्याहून नऊ छोटी भारतीय मुंगसे जमैकातील उसाच्या मळ्यांत उंदीर मारण्यासाठी नेण्यात आली, आणि त्यांच्या वंशातली मुंगसे १८८३ साली हवाईत पोहोचली. मुंगूस दिवसा हिंडते, उंदीर मुख्यतः रात्री. दोघांची गाठ पडायची तेवढीच पडली, उंदीर राहिले, आणि मुंगसांनी जमिनीवर घरटी करणाऱ्या स्थानिक पक्ष्यांची अंडी खाण्यास सुरुवात केली. हवाईच्या मळेवाल्यांनी केलेली चूक गेमकर्त्यांनी इतक्या अचूकपणे उचलली आहे की, जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात हे उदाहरण जसेच्या तसे देता येईल.

निन्टेन्डोच्या २००१ सालच्या ‘पिकमिन’मधील पिकमिन या दोनेक सेंटिमीटर उंचीच्या, डोक्यावर पान असलेल्या जीवांचाही दावा दुर्लक्षून चालणार नाही. ते शंभराच्या झुंडीने मोठा शिकारी पाडतात, त्याचे मढे ‘अनियन’ नावाच्या कांद्याच्या आकाराच्या मातृपिंडाकडे ओढून नेतात आणि त्यातून नवी बीजे बाहेर पडतात. झुंड पुरती मेली तरी अनियन एक बीज पुन्हा देतो, जसे वणव्यानंतर जमिनीत दडलेले बी उगवते. त्यांची पडती बाजू अशी की, त्यांना काम करायला कोणी हाकावे लागते, नाहीतर ते जागीच उभे राहतात, आणि सूर्यास्ताला उघड्यावर राहिलेले निशाचरांच्या पोटात जातात.

पोकेमॉनमध्येच रेलिकँथ नावाचा खोल समुद्रातला मासा आहे, जो दहा कोटी वर्षे बदललेला नाही असे सांगितले जाते. १९३८ साली दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ जिवंत सापडलेल्या सीलाकँथ या माशावरून तो बेतलेला आहे. जेथे काहीच बदलत नाही अशा जागी दडून राहणे हीही टिकावाची एक रीत आहे, पण ती जागा बदलली की उपाय उरत नाही. सीलाकँथ शंभरेक वर्षे जगू शकतो आणि त्याचा गर्भकाळ सुमारे पाच वर्षांचा असतो, असे २०२१ सालच्या अभ्यासातून दिसते. इतक्या संथ विणीच्या प्राण्याची हानी भरून येणे फार कठीण, आणि आफ्रिकेकडील सीलाकँथ आज अतिसंकटग्रस्त आहेच. हीच गत प्रवाळाच्या रूपातील कोर्सोला या पोकेमॉनची, ज्याचे २०१९ सालच्या गेममध्ये पांढरे पडलेले भूत दाखवले आहे.

आता मॅजिकार्पकडे. गेमच्या आकड्यांत त्याचे आक्रमणबल अवघे १० आहे, त्याची ओळख ठरलेली उडी मारण्याची क्रिया लढाईत शून्य परिणाम करते, आणि पिजट हा पक्षी पाण्यावरून झेपावत त्याची शिकार करतो असे पहिल्याच गेममध्ये लिहिलेले आहे. मात्र त्याच नोंदवहीच्या निरनिराळ्या आवृत्त्यांत इतर गोष्टीही विखुरलेल्या आहेत : तो कितीही घाण पाण्यात जगतो, जगभरातल्या जलाशयांत आढळतो, त्याची वीण अफाट असते. त्याचे अंडे उबण्यास लागणारा अवधी बहुतेक पोकेमॉनच्या अंड्यांच्या चौथ्या हिश्श्याएवढाच आहे. परिस्थितिविज्ञानात पिल्ले थोडी पण जपून वाढवणारे प्राणी आणि पिल्ले बेसुमार सोडून देणारे प्राणी असे दोन टोकांचे आयुष्यक्रम मानले जातात, आणि मॅजिकार्प दुसऱ्या टोकाचा आहे. शंभरांतील नव्व्याण्णव पिजटच्या पोटात गेले तरी उरलेल्या एकाने जातीचे भागते. शिवाय तो मासा आहे. उंदरासारख्या उष्ण रक्ताच्या प्राण्याला शरीर तापते ठेवण्यासाठी, तेवढ्याच वजनाच्या शीतरक्ती प्राण्याच्या दहापट किंवा त्याहून अधिक ऊर्जा लागते, आणि ते अन्न दररोज मिळावे लागते. रॅटाटा मागे पडतो तो येथेच. उपासमारीच्या हंगामात मासा थंड पाण्यात नुसता थांबून राहू शकतो.

मॅजिकार्प ज्यावरून बेतला त्या कार्प कुळातील खऱ्या माशांनी ही गोष्ट सिद्ध करून दाखवली आहे. या कुळातला क्रूशियन कार्प उत्तर युरोपातील गोठलेल्या तळ्यांत, बर्फाखालच्या प्राणवायूरहित पाण्यात, महिनोन्‌महिने जिवंत राहतो. प्राणवायू नसताना बहुतेक पृष्ठवंशी प्राण्यांच्या शरीरात लॅक्टिक आम्ल साचून ते मरतात. हा मासा त्या आम्लाचे मद्यार्कात रूपांतर करतो आणि कल्ल्यांवाटे तो बाहेर टाकतो. त्या काळात त्याच्या रक्तातील मद्यार्काचे प्रमाण १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅमच्याही वर जाते, आणि भारतात वाहनचालकासाठी ही मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. त्याचा नातलग असलेल्या सामान्य कार्पची, ज्याला महाराष्ट्रातील मत्स्यशेतीत सायप्रिनस म्हणतात, मोठी मादी एका हंगामात दहा लाखांहूनही अधिक अंडी घालू शकते, आणि ऑस्ट्रेलियातील मरी-डार्लिंग नद्यांच्या खोऱ्यात काही ठिकाणी पाण्यातील एकूण माशांच्या वजनात या परक्या माशाचा वाटा ८० ते ९० टक्क्यांपर्यंत गेलेला आहे.

पोकेडेक्सने मॅजिकार्पचा एक दोष असा नोंदवला आहे की, त्याचे पोहण्याचे स्नायू दुबळे असल्यामुळे तो प्रवाहाबरोबर वाहून जातो आणि पाणी साचते तेथे असे पुष्कळ मासे गोळा झालेले दिसतात. दोष म्हणून लिहिलेली ही बाब वास्तविक प्रसाराची सोय आहे, कारण वाहून जाणाऱ्या माशाला नवी तळी स्वतः शोधावी लागत नाहीत. ऑस्ट्रेलियात कार्प दूरवर पसरले त्यात १९७० च्या दशकातील महापुरांचा मोठा हात होता. (गंमत अशी की, याच दुबळ्या पोहणाऱ्याचा वेग गेमने ८० ठेवला आहे आणि त्याच्या राक्षसी रूपाचा ८१.) ते राक्षसी रूप म्हणजे ग्यारडॉस. धबधबा चढून गेलेला कार्प ड्रॅगन होतो या चिनी आख्यायिकेवरून ते घेतलेले असून १० किलोचा मॅजिकार्प विसावी पातळी गाठल्यावर २३५ किलोचा ग्यारडॉस होतो. चाहते या रूपालाच माशाचे सार्थक मानतात, पण जातीच्या टिकावासाठी ते जवळजवळ अनावश्यक आहे, कारण मॅजिकार्प त्या रूपाला न पोहोचताही अंडी घालू शकतो. पूर्ण रूपांतर न होताच, बालरूपातच वीण करण्याची ही रीत मेक्सिकोतील अॅक्सोलॉटल या जलचर सॅलमँडरमध्ये आढळते, ज्याला २०२१ साली ‘माइनक्राफ्ट’मध्येही स्थान मिळाले. ग्यारडॉसचा खरा उपयोग इतकाच की, एखाद्या सुकाळाच्या वर्षी थोडे मासे त्या रूपात जाऊन आसपासच्या शिकाऱ्यांना हुसकावतील, आणि अन्न सरले की उपासाने मरणारे पहिले तेच असतील.

म्हणून उत्तर मॅजिकार्प हेच, पण सगळ्याच पाण्यांत नव्हे. सह्याद्रीतल्या उताराच्या, खळाळत्या ओढ्यांत, जेथे माशाला प्रवाहाविरुद्ध जागा धरून राहावे लागते, त्याचा निभाव लागणार नाही. साचलेले, कोमट, गढूळ पाणी मात्र त्याला मानवेल. अशा पाण्यात बाहेरचा कणखर मासा काय करतो याचे चित्र मेक्सिको शहरालगतच्या सोचिमिल्को येथील कालव्यांत दिसते, जेथे १९९८ साली दर चौरस किलोमीटरला सुमारे ६,००० असलेले अॅक्सोलॉटल २०१४ साली जेमतेम ३५ उरले, आणि त्यामागच्या कारणांत पाण्याच्या प्रदूषणाबरोबर तेथे सोडलेल्या कार्प व तिलापिया या माशांचे नाव घेतले जाते. तिलापिया, म्हणजे महाराष्ट्रातील मच्छीमारांची चिलापी, उजनीच्या जलाशयात आज मुबलक मिळते. देशातील सर्वाधिक मोठी धरणे महाराष्ट्रात आहेत, आणि वाहत्या नद्यांची साचलेली तळी करणारे त्यांचे जलाशय मॅजिकार्पला हवे तसेच आहेत. तेथे त्याला पिजटशी नव्हे, तर आधीच ठाण मांडून बसलेल्या चिलापीशी स्पर्धा करावी लागली असती.